बघून म्हणायचं

फिल्मची कोणती बाजू वर आणि कोणती खाली, हे ती ओठाने ओळखायची. खालचा ओठ जरासा ओला करायचा आणि पट्टीचं टोक त्याला लावायचं. जी बाजू चिकटेल तिच्यावर चित्र. जी सुटून येईल ते नुसतं प्लास्टिक. एकतीस वर्षं दिवसातून शंभरदा तिने हे केलं. घरचे म्हणायचे, हिला लिपस्टिक आणून उपयोग नाही, फिल्म रुसेल.

काम होतं निगेटिव्ह कापण्याचं. सिनेमाचे लोक आधी एका कच्च्या प्रतीवर कापाकापी करतात, भांडतात, पुन्हा जोडतात. त्यांचं एकदाचं समाधान झालं की कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्म बरहुकूम कापायची. ती एकच असते. तिथे कात्री चालली की चालली. कापलेलं पुन्हा जोडता येतं, पण प्रत्येक जोड एक चित्र खातो. एक फ्रेम. सेकंदाचा चोविसावा भाग. लोकांना वाटतं, त्यात काय एवढं.

लॅबमधली ती खोली बिनखिडकीची होती. धूळ उडेल म्हणून पंखा नाही. पांढरे हातमोजे, खालून दिवा असलेली काचेची टेबलं, आणि एका टेबलावर दोन जणी. एकटीने कापायचं नाही, हा तिथला कायदा. फिल्मच्या कडेला ठरावीक अंतरावर बारीक इंग्रजी आकडे असतात. एकीने आकडा वाचायचा, एकेक अंक सुटा. मग दुसरीने वाकून तोच आकडा स्वतः वाचायचा. दोन्ही जुळले तरच कात्री. खोलीचे मास्तर कमी बोलत, पण नव्या बाईला पहिल्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकवत. "ऐकून म्हणायचं नाही. बघून म्हणायचं."

दुसऱ्या वर्षी एका दुपारी जोडीदारीण जेवायला गेली असताना हिने घाई केली. तीन समजून आठावर कापलं. पडद्यावरची बाई दारात वळते, त्या वळण्यातली एक फ्रेम गेली. मास्तरांनी जोड लावून दिला आणि कुणापाशी ब्र काढला नाही. सिनेमा लागला, चालला, उतरला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ती मात्र तो सात वेळा पाहून आली आणि सातही वेळा त्या दारापाशी तिने डोळे मिटले. जगात कुठेच नसलेली ती फ्रेम तिला एकटीला दिसत राहिली. एकटीने कापायचं नाही, असा कानाला खडा लावला तो तेव्हा.

पुढे सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं. लॅबची यंत्रं भंगारात निघाली. जोडीदारीण लांब लेकीकडे राहायला गेली आणि तिकडेच वारली. हिने घरी आणली ती कात्री, फिल्म जोडायचं छोटं यंत्र आणि हातमोज्यांचं एक न फोडलेलं पाकीट. अकरा वर्षं ते कपाटात होतं. मध्ये एकदा सुनेने त्या कात्रीने दुधाची पिशवी कापली. सासू दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

सून शाळेत चित्रकला शिकवायची. शहरातल्या कॉलेजात दरवर्षी शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी तीन दिवसांचा मेळावा भरायचा. सिनेमा कसा बघावा, बातमी कशी बनते, फोटोत बनवाबनवी केली असेल तर कशी ओळखावी, फोनवर फिल्म कशी करावी, असं सगळं. सून त्याच्या समितीत होती. त्या वर्षी बैठकीत तिने एक कल्पना काढली. कॉलेजच्या माध्यम विभागाच्या कपाटात जुना कॅमेरा पडून आहे, खऱ्या फिल्मचा एक रोल मिळतोय. तो मुलांना चालवू द्या. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बादल्यांमध्ये धुऊ. अशी धुऊ की वेगळी प्रत काढायला नको, कॅमेऱ्यातली पट्टीच थेट पडद्यावर जाईल.

"म्हणजे प्रत एकच," विभागप्रमुख म्हणाले. "आणि कापणार कोण?"

"आमच्या घरी आहेत," सून म्हणाली.

विभागप्रमुख सज्जन माणूस होते. ते स्वतः घरी आले, चहा प्यायले, जुन्या काळाबद्दल आदराने बोलले. त्यांनी कार्यक्रमपत्रिका पुढे केली. त्यात लिहिलं होतं : सत्कार, दहा मिनिटं.

"मुलांना कळायला हवं, की असेही लोक होते," ते म्हणाले.

"आहेत," ती म्हणाली. "फुलं नकोत मला, सर. खालून दिवा असलेलं टेबल द्या."

"बाई, सभागृहात तीनशे मुलं असतात. काही चुकलं तर त्यांचं तीन दिवसांचं काम..."

"एकतीस वर्षं सगळे हेच म्हणत आले. चुकलं तर."

ते तयार झाले, पण जाता जाता म्हणाले की फिल्मचं फोनने काढलेलं रूप हाताशी ठेवू, वेळ आलीच तर तेच दाखवू. तिने मान डोलावली. तसलं रूप तिने आधी कुठे कुठे पाहिलं होतं. पाण्याखालून पाहावं तसं दिसायचं.

एक गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, हे डॉक्टरांनी तिला एकटीला सांगितलं, आणि तिने ते पोटात ठेवलं. डाव्याने लांबचं स्वच्छ दिसे, जवळचं नाही. मोठी अक्षरं ठीक. बारीक आकड्यांत तीन आणि आठ यांच्यामध्ये धुकं. भिंग धरलं तर धुकंच मोठं व्हायचं. तिने कॅलेंडरवर स्वतःची परीक्षा घेतली होती. दहात तीनदा नापास.

"आई, दिसतंय ना नीट?" सून विचारायची.

"डोळ्यात तेल घालून बसते मी."

"तेल राहू द्या, आधी थेंब घाला. दुपारचे चुकवलेत."

बोलली असती तर टेबल गेलं असतं आणि पुष्पगुच्छ आला असता. म्हणून ती गप्प राहिली. कापायच्या आदल्या दिवशी मात्र तिने साखर समजून चहात मीठ घातलं आणि कुणी पाहायच्या आत कप बेसिनमध्ये ओतून दिला.

मुलांनी चित्रण केलं होतं कॉलेजच्या फाटकाबाहेर बसणाऱ्या किल्लीवाल्याचं. तो जुन्या कुलपांना किल्ल्या घडवतो. फिल्म एकच, म्हणून मुलांनी श्वास धरून एकेक दृश्य घेतलं होतं. त्यातलं एक सगळ्यांच्या जिवाचं होतं. किल्लीवाला किल्ली घासतो, कुलपात घालतो, फिरत नाही. पुन्हा घासतो, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा नाही. चौथ्यांदा कुलूप उघडतं आणि तो मान वर करून सरळ कॅमेऱ्यात हसतो. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

फोनच्या रूपावर कापाकापी केली होती कॉलेजातल्या एका मुलीने. इतकी उंच, की वर्गात सगळे तिला शिडी म्हणायचे. ती लॅपटॉप घेऊन घरी आली आणि कुठे कापायचं त्याची यादी तिने पुढे ठेवली.

"इथे दोन तुकडे लागून घेतलेस," म्हातारी म्हणाली. "मध्ये एक फ्रेम सोड. जोड ती खातो."

"कॉम्प्युटर नाही खात, आजी."

"त्याला दात कुठेत."

शिडी हसली, पण फ्रेम सोडायला तिचं मन होईना. "एक फ्रेम कोण बघणार आहे?"

"मी सात वेळा बघितली आहे," म्हातारी म्हणाली. मग तिने ती दाराची गोष्ट सांगितली. घरात ती कुणालाच माहीत नव्हती. सून दारात कणकेच्या हातांनी उभी राहून ऐकत होती. शिडीने अकरा ठिकाणी एकेक फ्रेम सोडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सभागृह भरलं. मंचाच्या मधोमध टेबल. टेबलाच्या वर एक कॅमेरा उलटा टांगलेला, त्यामुळे तिचे हात आणि काचेवरची पट्टी मागच्या पडद्यावर भिंतीएवढी दिसत होती. किल्लीवाल्याला दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. तो आपली पेटी बरोबर घेऊन आला होता, बाहेर कुणाच्या भरवशावर ठेवणार.

तिने पाकीट फोडलं, हातमोजे चढवले. मुलांकडे न बघता ओठ ओला केला आणि पट्टी लावली.

"आजी चाखतायत," कुणीतरी म्हणालं. सभागृहात खसखस पिकली.

"अळणी आहे," ती म्हणाली. आता सगळेच हसले.

मग तिने कायदा सांगितला. टेबलावर दोघी लागतात. माझी जोडीदारीण नाही. तिच्या जागी तुम्ही. मी आकडा वाचेन, तुम्ही वाचायचा, मग कात्री. शिडी शेजारी यादी घेऊन उभी होती, पुढचं ठिकाण कोणतं ते सांगायला.

"चार, शून्य, एक, नऊ," ती म्हणाली.

"चार, शून्य, एक, नऊ," तीनशे मुलं गरजली. काचा थरथरल्या.

तिने कात्री खाली ठेवली. "पडद्यावर काय लिहिलंय?"

तीनशे माना पडद्याकडे वर झाल्या. मग इकडून तिकडून दबके आवाज आले. सात. सात आहे.

"मग नऊ का म्हणालात?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

"मी म्हणाले म्हणून तुम्ही फिल्म कापलीत. मी तीस वर्षांची असते आणि छान साडी नेसून आले असते, तर अख्खा सिनेमा कापला असतात." ती पुढच्या रांगेकडे वळली. "सर, तुम्हीसुद्धा नऊच म्हणालात."

विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मुलांच्या आनंदाला पारावार उरला नाही.

"ऐकून म्हणायचं नाही," ती म्हणाली. "बघून म्हणायचं. माझा आवाज कितीही मोठा असो."

त्यानंतर लय लागली. ती आकडा म्हणे, सभागृह पडद्याकडे बघून म्हणे, कात्री चाले. प्रत्येक तुकडा सुटला की जोड. पट्टीची कड खरवडायची, गोंदाचा एक थेंब, यंत्राची पट्टी खाली, आणि पंधरापर्यंत मोजायचं. मुलं मोजायची. पंधराला कुणी ओरडत नसे, सगळे पुढे झुकून बघत. जोड धरला, की सुटला? धरला. हात जुनेच होते, त्यांना काही विसरायला झालं नव्हतं. सून बाजूच्या पडद्याआड उभी राहून ते हात बघत होती. दुधाची पिशवी तिला आठवली आणि आता लाज वाटली.

चौदावा काप किल्लीवाल्याच्या दृश्यातला होता, तिसऱ्यांदा किल्ली न फिरणं आणि चौथी खेप यांच्या मधला.

"चार, शून्य, सहा, तीन," शिडीने यादीतून सांगितलं.

म्हातारीने पट्टी ओढली. अंक सरकत गेले आणि थांबले. किल्ली, कुलूप, तेच हात, सगळी चित्रं एकसारखी. तिने वाकून पाहिलं. कात्रीची पाती उघडून पट्टी मध्ये घेतली.

"चार, शून्य, सहा, तीन," ती म्हणाली.

"चार, शून्य, सहा, आठ," सभागृह म्हणालं.

सगळं सभागृह, एका आवाजात. कुणी अडखळलं नाही.

पाती उघडीच राहिली. तिने पुन्हा खाली पाहिलं. धुकं. मग इतक्या वेळात पहिल्यांदा मागे वळून पडद्याकडे पाहिलं. तिथे दारासारखा उभा आठ होता, दोन्ही कड्या बंद असलेला. आणि त्याच्या शेजारच्या चित्रात किल्लीवाल्याची मान वर उचलली जात होती. अजून बोटभर दाब, आणि जोड त्या हसण्यावर बसला असता.

मुलं टाळ्या पिटत होती. "आजी, परत फसवताय," मागून आवाज आला. "आता नाही फसत आम्ही."

वाट तर मोकळी होती. नुसतं हसायचं, शाबास म्हणायचं, बस. विभागप्रमुखसुद्धा कौतुकाने मान हलवत होते. तिने पाती अलगद मिटली, पट्टीच्या बाहेर.

"या वेळी फसवत नव्हते," ती म्हणाली. "मला तो तीनच दिसला."

टाळ्या विरल्या.

"उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. घरी सांगितलं नाही, सरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर इथे बसू दिलं नसतं, म्हणून. एकटी असते तर आत्ता तुमची फिल्म कापून मोकळी झाले असते." तिने हातमोज्यातली बोटं एकदा उघडली, मिटली. "तुम्ही बघत होतात म्हणून वाचली. आता पुढचं कापू का, तेही तुम्हीच सांगा."

बाजूच्या पडद्याआडून सून दोन पावलं पुढे आली होती. विभागप्रमुख अर्धवट उठले होते, त्यांच्या हातात फोन होता, त्यात ते पाण्याखालचं रूप.

मग मधल्या रांगांतून कुणीतरी कंटाळल्यासारखं म्हणालं, "आजी, तीन मागे राहिला असणार. मागे घ्या ना."

तिने पट्टी मागे ओढायला घेतली. पडद्यावर किल्लीवाल्याची मान खाली गेली, कुलूप पुन्हा बंद झालं, आणि कडेचा पुढचा आकडा आला.

"सात," काही जण म्हणाले.

पट्टी सरकली. "सहा." आता निम्मं सभागृह. "पाच." पाय आपटायला लागले. "चार," म्हणताना विभागप्रमुख पूर्ण उठून उभे राहिले होते आणि फोन त्यांनी खिशात टाकला होता. आणि मग जो आकडा आला तो तिला दिसण्याआधी ऐकू आला. "तीन." शेजारच्या इमारतीतून कुणीतरी खिडकी उघडून काय झालं म्हणून पाहिलं.

तिने पडद्याकडे वळून खात्री केली. एका बाजूने उघडा, सरळ तीन.

"बघून म्हणालात ना?"

"बघून."

कात्री चालली. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात कमी आवाजाचा काप असेल, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

चाळीस मिनिटं ठरली होती, दीड तास लागला. बातम्यांवर बोलायला आलेले पाहुणे दारात घड्याळ बघत उभे होते, ते आत येऊन पायरीवर बसले आणि आकडे म्हणू लागले. चोवीस काप, अकरा जोड. शेवटच्या जोडाला पंधरा म्हटल्यावर मात्र पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

खिडक्यांचे पडदे ओढले. प्रोजेक्टर खडखडू लागला. मिनिटभराहून थोडी मोठी फिल्म, आवाज नसलेली, कडांना पाण्याचे डाग. तिने अशा हजारो फूट फिल्म कापल्या होत्या आणि पडद्यावर तिचं लक्ष कायम जोडांवरच असायचं, कुठे उडी बसते का. एक जोड गेला. दुसरा. कुठेच उडी नाही. किल्ली फिरली नाही. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा नाही. हे दृश्य येताना तिला जुनं दार आठवलं, पापण्या आपोआप खाली यायला लागल्या. तिने त्या उघड्या ठेवल्या.

कुलूप उघडलं. किल्लीवाल्याने मान वर केली आणि हसला. पूर्ण हसला, ओठांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मधलं काही न गमावता.

दुसऱ्या रांगेत खरा किल्लीवाला शेजारच्या मुलाला म्हणाला, "तीनदा नापास झालो ते कशाला दाखवायचं?" आणि मग, "परत लावा म्हणावं." चार वेळा लावली.

बाहेर व्हरांड्यात सुनेने तिला गाठलं. हातात थेंबांची बाटली होती.

"मला तरी सांगायचं होतंत, आई."

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

सून विचारात पडली. "येऊ दिलं नसतं."

"मग."

"सोमवारी डॉक्टरकडे जायचं. ऑपरेशनची तारीख घेऊन यायची."

"आणि ती कात्री..."

"दुधाच्या पिशवीला हात नाही लावणार," सून म्हणाली. "शपथ."

विभागप्रमुख घाईघाईने आले. केसांत धूळ, चेहरा मुलासारखा लाल. पुढच्या वर्षीचा कच्चा आराखडा त्यांच्या हातात होता आणि त्यावर ते उभ्या उभ्याच लिहीत होते. "बाई, पुढच्या वर्षी दोन रोल मिळवू. तुम्हाला पूर्ण दिवस देतो. अगदी पूर्ण दिवस. हे बघा, लिहिलं."

तिने कागद घेतला, लांब धरला, जवळ आणला. मग तसाच सुनेच्या हातात दिला.

"काय लिहिलंय? ते म्हणाले ते नको. बघून सांग."

सून वाकली. शिडीही मागून येऊन तिच्या खांद्यावरून वाकली, आणि दोघींनी बोट ठेवून, एकेक शब्द सुटा करत वाचलं : पहिला दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, फिल्म कापणे, कात्रीबाई आणि विद्यार्थी.

"जुळलं," ती म्हणाली, आणि हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले.